धानाच्या गावातलं माराकाना

२१ सप्टेंबर २०२५
अंग मोडून आलं आहे. तरी लिहितो.
मीच बोलून बसलो आहे — गुंजनला फुटबॉल खेळायचा तर गावात, तालुक्याच्या तिरोड्याला नाही! चौदा वर्षांची नात, जीव घाबरतो माझा. आता मैदान करणं माझ्याच गळ्यात. सामने बारा ऑक्टोबरला. तिच्या शाळेचे क्रीडाशिक्षक म्हणाले, "मैदान चांगलं झालं तर इथंच घेऊ."

२४ सप्टेंबर
मोबाईलवर ब्राझीलचं माराकाना वाचून काढलं. १९५० च्या विश्वचषकासाठी दोन वर्षांत उभं केलं — उद्घाटनाला काम अर्धवटच! लंबगोल बांधणी, वर छप्पर. शेवटच्या सामन्याला दोन लाखांच्या आसपास माणूस, अन् घरचेच हरले. बिचारे. लोक मैदानात घुसू नयेत म्हणून भोवती खंदक.
शेजारच्या बिसरामला हे सांगितलं. "भाऊ, खंदकाची माती कुठी टाकाची?" मग स्वतःच — "आतल्या अंगानं मातीचा धुरा घालू. लोकं बसतीन बी."
पटलं.

१ ऑक्टोबर
खंदक खणून झाला, आतून बांधासारखा धुराही. गावातल्या नंदलालच्या ट्रॅक्टरनं सपाटीही झाली. पाणी सोडून पाहिलं — चारही कोपऱ्यांत सारखं, बोटाचा फरक नाही! धान लावायची बांधीही इतकी सपाट साधत नाही. कंबर धरली आहे.

७ ऑक्टोबर
पाऊस. दिवसभर.

८ ऑक्टोबर
क्रीडाशिक्षक आले. मैदानात घोटाभर पाणी, वर चार बगळे.
"काका, धानाचे परहे लावता काय?"
सगळे हसले. बिसराम सगळ्यात मोठ्यानं!
मैदान मधोमध किंचित उंच ठेवतात म्हणे, पाणी कडेला निघून जावं म्हणून. आम्ही जन्मभर पाणी अडवलं. ते जाऊ द्यायचं कोणाच्या डोक्यात येणार? खंदक होता की — पण आड आमचाच धुरा.
सामने तिरोड्याला गेले.
गुंजन जेवली नाही.

९ ऑक्टोबर
सूनबाई प्रेमिला ताट ठेवता ठेवता म्हणाली, "मामाजी, तिरोड्याले नाही, हे तुमीच म्हटलं होतं. आमी कायले बोलू?"
खरं आहे. फार थकलो.

१० ऑक्टोबर
गुंजनला सांगितलं — जा तिरोड्याला. पण मी सोबत येईन.

१२ ऑक्टोबर
सकाळी पोरींच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलो. मागे एकदम गप्प. गुंजन वाकून कानाशी म्हणाली, "आबाजी, तुमी घरीच राहा ना."
उतरलो. गाडी हलली तसं आत गाणं सुरू झालं.