मोसंबीची सोनोग्राफी

बुधवार, दिवेलागणीला. काचीगुडा.

सूनबाईचा राग आलाय. ती रसाच्या फॅक्टरीत आहे. चहा पिताना सांगत होती, तिथं अल्ट्रासाउंडनं, म्हणजे ऐकू न येणाऱ्या आवाजानं, रसात बारीक बुडबुडे उठतात आणि ते फुटले की जंतूंची कातडी फाटते. मी म्हटलं, "म्हणजे मोसंबीची सोनोग्राफी? मुलगा की मुलगी?" ती खूप हसली. मग मी विचारलं, "अगं, परवा तुझ्या पोटावर तोच आवाज फिरवला ना? बाळाला काही...?"

"बस करा आई ही मस्करी, परेशान करू नका," म्हणत उठूनच गेली.

मस्करी कुठली? ते बुडबुडे डोक्यातून जात नाहीत. डॉक्टरांच्या मशीनचा आवाज हलका असेलही, पण सांगणार कोण? उद्या तोंड गंभीर करून पुन्हा विचारते. तेही तिला नाटकच वाटणार.