कारणाचा रकाना

३ जून, सोमवार
अखेर मी तपासणी-बचत समितीचा अध्यक्ष. डायरेक्टरांना उशिरा सुचलं, पण सुचलं. आमच्या हॉस्पिटलात नखुरडं फोडायला आलेल्या माणसाचाही छातीचा एक्स-रे काढतात. का? तर म्हणे रुटीन! सगळ्याचं मूळ लॅबप्रमुख बाई. मी त्यांना मनात सुईबाई म्हणतो.
संकल्प: महिन्याभरात तपासण्या निम्म्या. मीटिंगमध्ये कुणालाही मूर्ख म्हणायचं नाही.

५ जून
नवा फॉर्म काढला. प्रत्येक तपासणीपुढे कारणाचा रकाना. डॉक्टर लोक जात्याच आळशी. लिहायचा कंटाळा येईल, तपासणी आपोआप टळेल. सुईबाई म्हणाल्या, बघू या. हे 'बघू या' माझ्या डोक्यात जातं.

१० जून
डॉक्टरांनी शिक्का करून घेतला! 'वैद्यकीय गरजेनुसार.' रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून सगळ्याच रकान्यांत धडाधड उमटवतात. शिक्का दिसला की लॅब तपासणी करते. तपासण्या वीस टक्क्यांनी वाढल्या.
मीटिंगमध्ये मूर्ख म्हणालो. दोनदा.

१२ जून
आता स्वतःच धडा घालून देणार. २६ला माझं हर्नियाचं ऑपरेशन. एकही तपासणी न करता टेबलावर चढणार. कॅन्टीनमध्ये तसं जाहीर केलं. भूलतज्ज्ञाने वय विचारलं. चोपन्न म्हणालो. 'हं' म्हणाला आणि चहा पीत बसला. आगाऊ माणूस.

१३ जून, पहाटे ५
'हं' म्हणजे काय?

१४ जून
ईसीजी काढला. घाबरून नव्हे. बिनकामाची तपासणी आतून कशी असते ते कळावं म्हणून. रकान्यात लिहिलं: अभ्यास. रिपोर्ट नॉर्मल. म्हणजे तपासणी वायाच गेली, मीच बरोबर! पण एवढ्यावर निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. उद्या शुगर, किडनी, लिव्हर.

१८ जून
ईसीजी पुन्हा काढला. मागच्या वेळी जिना चढून गेलो होतो, तो रिपोर्ट हिशेबात धरता येत नाही. बायको म्हणाली, भीती वाटत असेल तर सरळ सांगा. तिला संशोधनातलं काय कळतंय?
सुईबाईंना लेखी ऑर्डर दिली: या महिन्यात सर्वांत जास्त वायफळ तपासण्या झालेला पेशंट मीटिंगमध्ये जाहीर करावा. आता बसेल चपराक.

२१ जून
बाईंनी जाहीर केला. तपासण्या अकरा, दिवस सात, रिपोर्ट सगळे नॉर्मल. पेशंट: समितीचे अध्यक्ष. टिपणं घेणारा क्लार्कसुद्धा फिदीफिदी हसला, मेला. डायरेक्टर म्हणाले, समितीचं काम झालं, आता बंद करू. आणि या पेशंटची यापुढे एकही तपासणी नको.
हा कट आहे. सगळे सामील आहेत.

२५ जून, संध्याकाळ
उद्या ऑपरेशन. लॅबमध्ये सहज डोकावलो. सुईबाई एकट्याच होत्या. शेवटचा एक ईसीजी मागितला, हळू आवाजात. नाही म्हणाल्या. मग खुर्चीवर बसवलं, मनगट धरून घड्याळाकडे बघत नाडी मोजली. विचारलं, भीती वाटतेय का?
मी ठामपणे नाही म्हणालो. मग दार लावून घेतलं आणि हो म्हणालो.
बाईंनी बराच वेळ हात सोडला नाही. खडूस आहे मेली.