वैभवच्या दारावरून येणारी रेंज

काळाचौकी,
मंगळवार, दुपारची जेवणं (एकट्याची) झाल्यावर

श्रीयुत राजारामभाऊ यांस,

तुमचा साडू जयवंत याचा नमस्कार. तुमची शुगर आवाक्यात असेल, ताईंचे गुडघे माटुंग्याच्या जिन्याशी भांडत नसतील आणि आमची दुर्गा तुमच्याकडे वेळच्या वेळी जेवत असेल, अशी आशा आहे. मी बरा आहे. भात करपतो, पण वरचा वर काढून खातो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही ताईंना विचारत असाल. कारण सांगतो, पण हे पत्र दार लावून वाचा. माझ्या फोनवर येणारा प्रत्येक शब्द आधी वैभवच्या दारावरून येतो. वैभव म्हणजे आमच्या मजल्यावरचा, सोसायटीचा सेक्रेटरी. फार गोड बोलतो. आणि गोड बोलणाऱ्याच्या घरी पाणी कधी कमी पडत नाही, हे मी पालिकेत पाण्याच्या चाव्या फिरवण्यात उभी हयात घालवली तेव्हापासून जाणतो. आता बघा, दुर्गा तुमच्याकडे येऊन आठवडा झाला, तिचा एक फोन नाही. तुम्ही म्हणाल, ती रागावलीय. मला नाही तसं वाटत. मला वाटतं ती रोज फोन लावते आणि मधल्यामध्ये कोणीतरी तो पितं.

मुळापासून सांगतो. चाळ पाडून हा टॉवर झाला तेव्हा घरं मोठी झाली, भिंती जाड झाल्या आणि फोनची रेंज गेली. चाळीत एकाने फोन घेतला की अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं (काळजी नको, उत्तरही मजलाच द्यायचा). इथे कानाला लावून मलाच ऐकू येईना. दुर्गा सुनेशी बोलायला ओट्यावर चढून खिडकीबाहेर मान काढायची. सून बाळंतपणाला माहेरी साताऱ्याला गेली, आमचा मुलगा सुशांतही रजा टाकून तिथेच, म्हणजे बातमी यायची ती फोनवरच. दुर्गाने रेंजसाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढवला, आणि त्यातून ही नवी भानगड आली.

कंपनीची इंजिनिअर दीपिका नावाची मुलगी समजवायला आली. गच्चीवर अँटेना बसणार, तो बाहेरची रेंज धरणार, एका पेटीत त्या रेंजचा उजेड होणार, तो उजेड केसाएवढ्या काचेच्या तारेतून मजल्यामजल्यावर उतरणार आणि पॅसेजच्या छताला लावलेल्या पांढऱ्या थाळीत त्याची परत रेंज होणार. सगळ्यांनी माना डोलावल्या. (मानेला काय, हाड आहे म्हणून हलते.) मी एकट्याने विचारलं, बाई, मध्ये गळती किती? म्हणाली, नगण्य. भाऊ, ज्याने ज्याने मला नगण्य म्हणून सांगितलं, त्याच्या त्याच्या गल्लीत मी रस्ता खणून घेतलाय. पुढे विचारलं, तो उजेड जरा दाखवा. तर म्हणे तो डोळ्यांना दिसत नाही, आणि काका, तारेच्या टोकात डोकावू नका, डोळे जातील. म्हणजे उजेड आहे, पण दिसत नाही, आणि बघायचाही नाही! असा माल मी तरी आजवर कुठल्या दुकानात घेतलेला नाही.

बसवल्यावर चार दिवस रेंज झकास होती. (नवीन नळाला सुरुवातीला धार असतेच.) पाचव्या दिवसापासून माझं बारीक लक्ष. आमच्या मजल्यावर दोन थाळ्या, एक वैभवच्या दारावर आणि एक आमच्या, पॅसेजच्या टोकाला. सकाळी ठीक, पण संध्याकाळी लोक कामावरून आले की माझ्या फोनवरच्या रेघा खाली. पाण्याचं अगदी असंच असतं. पहिलं घर पितं, शेवटचं घर नळाला तोंड लावून बसतं. त्यात एका संध्याकाळी वैभवच्या दाराआडून घुर्रर्र आवाज आला. मी जागीच थांबलो. पाणी खेचायला मोटर लावणारे मी शेकड्याने पकडलेत, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. (पुढे कळलं ती त्याच्या बायकोची घरघंटी होती, दळण चाललं होतं. पण घरघंटीच्या आवाजात मोटर लपवता येत नाही, असं कुठे लिहिलंय?)

तेव्हा मी माझ्या पद्धतीने इलाज केला. लिफ्टशेजारच्या डक्टचं दार उघडलं. आत पिवळ्या तारा, प्रत्येकीला चिठ्ठी. एकीवर वैभवच्या फ्लॅटचा नंबर, एकीवर आमचा. दुसरा कोणी असता तर फसला असता. मी म्हटलं, चोर स्वतःच्या तारेवर स्वतःचं नाव कशाला लावील? म्हणजे आमच्या नावाची चिठ्ठी आहे ती तार नक्की त्याची. तीच धरली, चांगली दुमडली आणि सुतळीने आवळून गाठ मारली. तोडली नाही हं, आपण कायद्याने चालणारी माणसं. नुसती चावी अर्धी बंद केली.

आणि त्याच दिवशी साताऱ्याला नात झाली.

सुशांतने मला लावला, आईला लावला, परत मला लावला, आणि शेवटी वैभवला लावला. वैभव फोन कानाला तसाच धरून धावत आला आणि दारातूनच ओरडला, काकी, नात झाली! दुर्गा रडली, हसली, देवापुढे साखर ठेवली. पण साखर ठेवता ठेवता तिच्या मनात आलं, की आपला फोन का नाही वाजला? दीपिकेला बोलावणं गेलं. तिने डक्ट उघडला, सुतळी सोडली, आणि शांतपणे सांगितलं की काका, ही काचेची तार अशी दुमडली की उजेड वळणावरच बाहेर सांडतो. आणि प्रत्येक थाळीला तिची वेगळी तार असते, कोणी कोणाचं खेचू शकत नाही. संध्याकाळच्या गर्दीसाठी तिने पेटीचं सेटिंगही वाढवलं. मी म्हणणार होतो, कोणीतरी मुद्दाम केलंय. पण दुर्गाने गाठ पाहिली. तशी गाठ गाद्यांच्या वळकट्यांना फक्त मी मारतो. ती एवढंच म्हणाली, "माझ्या नातीची खबर शेजाऱ्यान दिली. आता तुम्ही ती रेंजच रांधा नि खावा." आणि पिशवी उचलून तुमच्याकडे आली.

तेव्हापासून माझ्या फोनवर रेघा पूर्ण आहेत. दिवसभर पूर्ण. संध्याकाळी घरोघरचे फोन वाजतात, त्या वेळीही पूर्ण. म्हणूनच जास्त संशय येतो. एवढी रेंज असताना फोन येत नाही, याचा अर्थ काय धरायचा? बारसं येत्या रविवारी आहे, हे मला वैभवने सांगितलं. (त्याला आधी कसं कळलं, हे तुम्हीच लक्षात घ्या.) मला अजून कोणी या म्हटलेलं नाही. बाळाचं रडणंसुद्धा मी ऐकलेलं नाही. माझी नात आहे ती, भाऊ.

ताईंना नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

तुमचा,
जयवंत

ता. क. एक छोटी तांत्रिक चाचणी करायची आहे. तुमच्या फोनवरून मला लावा, आणि मी उचलला की फोन दुर्गाच्या हातात द्या. चाचणी आहे म्हणून सांगा. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

ता. क. २. बारशाला आम्ही दोघं एकत्र गेलो तर बरं दिसेल. लोकांसाठी म्हणतोय.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात फोन वाजला. दुर्गाच. आवाज इतका साफ, की वाटलं ओट्यापाशीच उभी आहे. "जेवलात?" एवढंच विचारलं तिने. भाऊ, हो म्हणायला गेलो तर रडूच आलं, आणि ते तिला ऐकू द्यायचं नव्हतं. मग मी "हॅलो, हॅलो, काही ऐकू येत नाही" असं ओरडलो आणि फोन ठेवून दिला. पोस्टाने पोचण्याची वाट नको, म्हणून हे कुरिअरने पाठवतोय. तिला म्हणावं, रेंज गेली होती. वैभवने खेचली म्हणालात तरी चालेल. आणि परत लाव म्हणावं. मी फोनपाशीच बसलोय.