अक्कांच्या आधी माझा खुबा

१२ जानेवारी, सोमवार
आज हाडांच्या डॉक्टरांकडे. लेकाने, निखिलने, रजा काढली होती. चांदणी चौकात नेहमीसारखे अडकलो. बरोबर अक्का. थोरल्या जाऊबाई म्हणून नव्हे, पिशवी धरायला माणूस हवं म्हणून मी त्यांना भरे गावाहून दवाखान्यापर्यंत नेलं. लिहितानाही लाज वाटते.
नंबर आला तशी नर्स सरळ अक्कांकडे गेली नि त्यांचा दंड धरला. "या आजी, हळू." म्हटलं, अगं बाई, पेशंट मी आहे. ती ओशाळली. अक्का हसल्या. "मला काय धाड भरलीया?"
माझ्या डाव्या खुब्याचा सांधा संपलाय, हाडावर हाड घासतंय. रोबोच्या मदतीने बदलू म्हणाले. निघताना डॉ. अक्कांच्या चालण्याकडे बघत राहिले. "यांचाही एक एक्स-रेचा फोटो काढू या का? यांचं जास्त वाटतंय." मी पटकन म्हणाले, "आधी माझं होऊन जाऊ दे."
विचारलं होतं त्यांना. उत्तर दिलं मी.
परत येताना अक्का खिडकीबाहेर बघत बसल्या. पिरंगुटला वडापाव घेतला तेव्हा एवढंच, "गरम हाय, खा."

१५ जाने.
निखिलला फोन. म्हटलं, तुझ्या कंपनीच्या विम्यात मोठीआई नाही का बसणार? म्हणाला, "आई, त्यात फक्त आईबाबा." मी फोन ठेवला.
मी अंगणवाडीत साऱ्या गावची पोरं सांभाळत होते, तेव्हा माझं पोर अक्कांच्या कडेवर होतं. त्यांना स्वतःचं मूल झालं नाही. भाऊजी गेल्यावर चढावर, वरच्या घरात एकट्या. निखिल पहिल्यांदा 'आई' म्हणाला तो त्यांना. मला तेव्हा राग आला होता, हेही लिहून ठेवते. आणि विम्यात मी एकटीच आई.

१९ जाने., हॉस्पिटल
सीटी स्कॅन मागेच झालं होतं. आज डॉ. नी कॉम्प्युटरवर माझा खुबा दाखवला, फिरवून फिरवून. कुठली वाटी बसवायची, किती तिरकी, सगळं आधीच ठरवलेलं. मी विचारलं, यंत्र चुकलं तर? हसले. "ऑपरेशन मीच करणार काकू. रोबोचा हात माझ्या हातात असतो. ठरल्या जागेच्या बाहेर जायला लागला की तो अडतो, एवढंच."
अक्कांना फोनवर सांगितलं.
"किती हात हायेत त्येला?"
"एकच."
"मंग एका हातानं काय करनार त्यो?"
हसता हसता रडू आलं. हे म्हणाले, घाबरलीस का. घाबरले होतेच. पण रडू त्याचं नव्हतं.

२१ जाने.
झालं काल. कमरेखाली बधिर केलं होतं. अर्धवट झोपेत ठोकल्याचा आवाज आला, सुताराकडे येतो तसला. दुखलं काही नाही. दुखणं नंतर आलं, सव्याज.
आज सकाळी वॉकर धरून उभी केली. उभी राहिले! दुखत होतं, पण टाक्यांचं. आतला तो जुना ठणका, जो उठता बसता जीव घ्यायचा, तो नव्हताच. पायाखाली जमीन सारखी लागली. आनंद झाला आणि लगेच अक्कांचा वरच्या घराचा चढ आठवला. एक घोटभर चहासुद्धा सुखाने जाईना.

२४ जाने., घरी
नियम: मांडी घालायची नाही. उकिडवं बसायचं नाही. खाली वाकून काही उचलायचं नाही. झोपताना दोन पायांमध्ये उशी. कमोडची खुर्ची. रक्त गोठू नये म्हणून पोटात इंजेक्शनं. व्यायामवाली मुलगी घरी येणार.
अक्का लुगड्यांचं गाठोडं घेऊन खाली राहायला आल्या. ह्यांची पिरंगुटच्या गोडाऊनवर दिवसपाळी, म्हणजे दिवसभर आम्ही दोघीच. मी म्हटलं, तुमचाच पाय धड नाही अक्का. "माजा पाय जुना हाय, त्येला सवय हाय. तुजा नवा हाय."

३ फेब्रुवारी
टाके काढले. जखम कोरडी.
अक्कांकडे आता नीट बघते. अंथरुणात पडल्या पडल्या दुसरं करू काय? खाली बसताना आधी भिंत धरतात, मग डावा पाय लांब सोडतात, मग ओठ आवळतात. उठताना आधी इकडेतिकडे बघतात, कुणी बघत नाही ना. इतकी वर्षं मी म्हणत आले, अक्का चालीनं मंद आहेत.
आज न राहवून बोलले, "निखिलला कडेवर घेऊन घेऊन झालं असेल हे तुमचं."
"येडी का काय? पोर कडंवर घेऊन खुबा झिजत आसता तर गावच्या समद्या बाया लंगड्या झाल्या आसत्या."
डॉक्टरही हेच म्हणतील. माझं मन मानत नाही.

१७ फेब्रु.
व्यायामवाली खूष. "काकू, वॉकर सोडा आता. काठी घ्या. पुढच्या महिन्यात काठीही नको." अक्का तेव्हा वर कोंबड्यांना दाणे टाकायला गेल्या होत्या.
आल्यावर विचारलं, "काय म्हनली पोरगी?"
म्हटलं, "अजून महिनाभर वॉकर."
का बोलले असं? तर मी बरी झाले की अक्का वर जाणार. वर चढ आहे, उंच पायऱ्या, खाली बसायचा संडास. इथे सपाट फरशी, पलंग, आणि ती कमोडची खुर्ची. माझ्या निमित्ताने त्याही गुपचूप वापरतात, मला माहीत आहे. राहू देत की इथेच.
हे झालं लोकांना सांगायचं कारण. दुसरं इथेच लिहिते. सकाळी आयता चहा हातात येतो, केसांना तेल लावून मिळतं, त्याची चटक लागलीय मला.

२६ फेब्रु.
खोटं बोलणं सोपं, लंगडणं अवघड. कोणता पाय ते विसरायला होतं. अक्का कपडे वाळत घालायला गेल्या की मी घरभर चालून घेते, व्यायाम बुडायला नको. त्यांची चाहूल लागली की पलंगावर. ह्यांनी परवा पाहिलं. "हे काय नाटक?" म्हटलं, गप्प बसा. बसले.
पण झालंय उलटंच. मला दुखतंय म्हणून अक्का जास्तच राबतात. शेकायला पाणी, कण्या, पाय चेपणं. मी नको म्हटलं की त्यांना वाटतं मी संकोचतेय. आता खरं सांगावं तर तोंड नाही, न सांगावं तर त्यांचा पाय बघवत नाही. खाई त्याला खवखवे.
उद्या सांगते.

५ मार्च, गुरुवार
नाही सांगितलं. तो 'उद्या' आलाच नाही.
आज दुपारी मोरीतून आवाज आला, बादली पडल्याचा. मग अक्का, "आगं आयऽ".
मी पळाले. वॉकर नाही, काठी नाही. मोरीत अक्का फरशीवर, एक पाय लांब, गरम पाणी सगळीकडे. नशीब, अंगावर सांडलं नव्हतं. काखेत हात घालून उभं केलं, पलंगावर आणून बसवलं. हाड शाबूत आहे. हात लावून बघितलं, पाय उचलायला लावला, उचलला.
तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या वॉकरकडे.
"कवापासनं?"
"शिवरात्र झाली तेव्हापासून."
"आन् मी तुजं पाय चेपतीया."
मी सांगू लागले. वरचा चढ, पायऱ्या, तुम्हाला इथं आराम... त्यांनी हात वर केला.
"आराम पायजे का न्हाई, ह्ये मला इचारायचं हुतं. दवाखान्यात डाक्टरनं मला इचारलं, तर तू बोललीस. हितं बी तूच ठरवलंस. माज्या वाटचं तूच बोलत जा आता, मी कशाला तोंड उघडू?"
म्हणजे तेव्हापासून मनात होतं. वडापावाच्या वेळीही.

६ मार्च
सकाळी गाठोडं बांधून वर गेल्या. जाताना माझा चहा झाकून ठेवला होता.
गार झाला. नाही प्यायले.

१५ मार्च, रविवार
निखिल आलेला. त्याला सगळं सांगितलं. रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. वॉकर नि कमोडची खुर्ची घेऊन वर गेला, मागून मी, काठी टेकत. अक्कांनी खुर्ची परत पाठवली. वॉकर बघून म्हणाल्या, "ठेव तितं ओट्यावर."
निखिलने सरकारी योजनेचं काढलं. त्यात खुबा बदलून देतात, फुकट. रोबो नाही, पण डॉ. नी त्याला सांगितलंय की साध्या पद्धतीचं ऑपरेशनही चांगलंच होतं, वर्षानुवर्षं लोक चालताहेत त्याच्यावर. आधी फक्त फोटो काढून यायचं. मला यंत्राने बसवलेला खुबा आणि त्यांना साधा. हीही बोचणी आलीच माझ्या वाट्याला.
"मोठीआई, जायचं का?"
अक्कांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी जीभ चावून बसले. आयुष्यात एवढा वेळ गप्प बसले नसेन.
शेवटी निखिललाच म्हणाल्या, "हातानं केल्यालं बरंच आसतंय. भाकर बी हातचीच लागती मला."
"म्हणजे जायचं?"
"भाकरीचं बोलले मी."

२९ मार्च
खालच्या वाटेवरून जाताना बघते. वॉकरवर वाळत घातलेलं लुगडं, पंचा, एकदा मिरच्यांचं सूप ठेवलेलं. वापरत नाहीत. परतही पाठवत नाहीत.
माझी काठी सुटली. लोक म्हणतात, शालनताई, पोरीसारख्या चालायला लागलात. मान खाली घालून पुढे जाते.

६ एप्रिल
निखिलने शुक्रवारची वेळ घेतलीय, फोटोसाठी. अक्कांना फोनवर सांगितलं. "बगू" म्हणाल्या. मला म्हणतो, आई, तू समजाव ना. म्हटलं, मी सोडून कुणीही समजावा.

८ एप्रिल, बुधवार
आज कैऱ्या घेऊन वर गेले. चढ सुरू होतो तिथूनच ओटा दिसतो. वॉकर नव्हता. लुगडं दगडावर टाकलेलं, ओलंच. आतून आवाज, टक... टक... मग पाऊल ओढल्याचा, मग परत टक.
थांबले. दोन ढांगांत पोचले असते, दार उघडंच होतं. त्यांनी मला त्या दिवशी पकडलं तशी मी त्यांना पकडली असती.
मोठ्यानं खोकले. पुन्हा खोकले. मग चढायला लागले, एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत, वॉकरवाली असल्यासारखी. कैरीची पिशवी या हातातून त्या हातात. आत गडबड झाली, काहीतरी आपटलं.
ओट्यावर पोचले तर वॉकर जागेवर. वर लुगडं, घाईघाईने टाकलेलं, एक टोक जमिनीला. अक्का उंबऱ्याशी भिंत धरून, धाप लागलेली.
"येवड्या हळू आलीस? पाय दुखतुया?"
नवा पाय ठणठणीत आहे. "थोडासा," म्हटलं.
त्यांनी पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे. मग लुगड्याचं टोक उचलून नीट केलं.
"बस. च्या टाकते." आत वळता वळता, "सुक्करवारी तू बी येनार का?"
मी म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं."
आतून स्टोव्हचा आवाज आला. मी ओट्यावर बसले, वॉकरकडे पाठ करून.