बाकावर अंथरलेली शाल

शीतल बाळा,

शिफ्टवरून आलीस की आधी जेवून घे. पोळ्या डब्यात आहेत, भाजी ओट्यावर झाकून ठेवलीय. मग रिक्षा करून सरकारी दवाखान्यात ये, तुझ्या गोळ्या मिळतात त्या खोलीपाशी. येताना कार्ड आण. ते तू कुठं ठेवतेस मला माहीत नाही, मी शोधलंही नाही.

काल म्हणालीस, गल्लीतल्या पुष्पाताई तिथं कामाला लागल्यात, आता मी जाणार नाही. पण डबीच्या आवाजावरूनच कळतंय, गोळ्या संपत आल्यात. माझ्या लेकानं, धनेशनं, एचआयव्हीच्या गोळ्या अशाच लाजेपायी सोडल्या आणि तो गेला. तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं गं.

पहाटे स्वप्न पडलं. दवाखान्यात त्याच खोलीबाहेर कीर्तन रंगलं होतं. टाळ कुठं दिसत नव्हते, नुसता नाद पाण्यासारखा वाहत होता. रांगेतल्या एकेकाच्या कपाळी बुक्का लागत होता, कुणी कुणाला नाव-गाव विचारत नव्हतं. धनेश भिंतीला टेकून डोलत होता. त्याच्या शेजारी जागा होती, पण मी तुला तिथं बसू दिलं नाही. हाताला धरून पुढं नेलं.

म्हणून मी आधीच निघालेय. कीर्तनाला धरते तशीच बाकावर शाल अंथरून तुझी जागा धरते. पुष्पाताईंना पहिली मीच दिसेन, गळ्यात माळ घालून बसलेली. "कुणाचा नंबर?" म्हणाल्या, तर "आमचा" म्हणेन.

तू नुसती येऊन शालीवर बस.

आई