वगळलेली ओळ

३ मार्च
धाकटीच्या जिभेच्या कडेला फोड. सात आठवडे झाले! फोनवर हसत होती — "ताई, दातांचा डॉक्टर म्हणतो, दात घासतोय, दुसरं काही नाही. भिंतीवरचा कर्करोगाचा तक्ताच दाखवला त्याने. तुमच्या वयाच्या बायकांना ते होतच नाही म्हणे!"
मीही हसले. चौतीस वर्षांची पोर, तंबाखूला कधी शिवलेली नाही. इस्पितळात तोंडाच्या कर्करोगाचा प्रत्येक कागद — वय, लिंग, व्यसन — माझ्याच हाताखालून जातो. तरी हसले.

१४ मार्च
आता कानही ठणकतो. घास गिळताना डोळ्यांत पाणी. ओढतच आमच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बोटाने चाचपलं आणि तिथेच फोडाचा तुकडा काढला. तो तपासायला गेलाय.

२१ मार्च
तोच आहे.
धाकटी नवऱ्याकडे बघून म्हणाली, "धूर यांनी सोडायचा आणि बक्षीस मला!" मेहुण्यांनी मान वर केली नाही. मग हळूच मला — "एवढ्या वयाच्या बायकांत मीच पहिली असेन, नाही गं?"
"हो," म्हटलं.

२३ मार्च
दातांच्या डॉक्टरशी भांडायला गेले. भिंतीवर तो तक्ता. पुरुष, चाळीस ते साठ. पुरुष, साठीपुढचे. बायका, चाळिशीपुढच्या. तळाशी बारीक अक्षरात — 'किरकोळ आकडे वगळले आहेत.'
शब्द न् शब्द माझा! तीन वर्षांपूर्वी इस्पितळासाठी हा तक्ता करताना साहेब म्हणाले होते, "एका पानात बसवा हो, बाई." बसत नव्हतं. चाळिशीच्या आतल्या बायकांची ओळ मी काढली. मीच.
न भांडताच पायऱ्या उतरले.

२४ मार्च
जुन्या कागदांचे गठ्ठे सोडले. चाळिशीच्या आतल्या अकराजणी. सगळ्यात लहान बावीसची. ती आठवते — सही करून चुकून माझं पेन घेऊन गेली, आणि ते द्यायला दोन जिने चढून परत आली. तोंडाला रुमाल होता.
अकराजणी किरकोळ!

२ एप्रिल
अर्धी जीभ काढली.

६ एप्रिल
पाटीवर लिहून बोलते. आज लिहिलं — 'मी पहिलीच ना?'
खोटं लिहवेना. तिच्या हातातून खडू घेतला. 'बारावी.'
तळहाताने पुसलं. मग सावकाश, मोठ्या अक्षरांत —
'म्हणजे तुला माहीत होतं.'