वास्तुशांतीच्या गिटारीचा आजचा भाव

तीर्थरूप निशांतदादास,

कुवेंपुनगरहून चैत्रालीचा साष्टांग नमस्कार (डावा गुडघा वाकत नाही, त्यामुळे आठातलं एक अंग वजा धर). तुझी शुगर आटोक्यात असेल आणि लग्नाच्या खरेदीतही वहिनीची पाठ टिकून असेल, असं मानून चालते. फोनवर बोलले असते, पण आमच्याकडे फोन सगळ्यांचा असतो, म्हणून हे पत्र. ताराची पत्रिका मिळाली. 'आहेर आणू नये' ही ओळ सासूबाईंनी चष्मा लावून वाचली आणि सगळेच छापतात म्हणून सोडून दिली. तिथून आमचं संकट सुरू झालं.

आमच्या गोदावरीबाई तुला ठाऊक आहेत. ह्या घरात कुणी काय दिलं ते त्यांना तोंडपाठ असतं आणि तोलामोलाचा आहेर परत गेला नाही तर त्यांना जेवण जात नाही. आमच्या वास्तुशांतीला तू दिलेली मोरपंखी इलेक्ट्रिक गिटार तेवढी फेडायची राहिलीय, कारण तिची किंमत कुणाला माहीत नाही. (तुला विचारायचं नाही. देणाऱ्याला किंमत विचारणं म्हणजे त्याच्या घरचे घास मोजणं, असं त्या म्हणतात.) आता त्यांनी हातातली एक पाटली काढून डब्यात ठेवलीय. गिटार आज विकली तर जेवढे येतील तेवढं सोनं ताराच्या अंगावर घालायचं आणि कमी पडलं तर दुसरी पाटली आहेच. दोन्ही पाटल्या त्यांच्या आईच्या. त्या मोडल्या जाऊ नयेत म्हणून मी गेला आठवडाभर तुझ्या गिटारीची किंमत खाली आणायच्या खटपटीत आहे. (गगन नवरा म्हणून चांगला आहे, पण ह्या बाबतीत त्याची मदत नाही. नंजनगूडच्या कारखान्यातून संध्याकाळच्या गाडीने येतो आणि आई म्हणेल तसं, असं म्हणून आंघोळीला जातो.)

गिटारीच्या डोक्यामागे 'शंभरातली एकेचाळिसावी' असं कोरलंय, ते मी सासूबाईंना दाखवलं. शंभरच का केल्या, खपल्या नसतील, असं त्या म्हणाल्या. मला जरा आशा वाटली. मग आम्ही दोघी रिक्षाने येसाजीरावांच्या वाद्यांच्या दुकानात गेलो. (उन्हाने रंग उडाला तर भाव पडेल. मला तो पाडायचाच होता, पण तिच्यावर शाल मीच घातली.) येसाजीरावांनी विचारलं, विकायची की घ्यायची? विकायची म्हटल्यावर त्यांना ती फार जुनी वाटली. सासूबाई म्हणाल्या, समजा अशीच एक घ्यायची असली तर? तेव्हा त्याच गिटारीत त्यांना जुन्या कारागिरीचं तेज दिसलं. भाव नक्की कुठला, असं मी विचारल्यावर म्हणाले, "अक्का, ह्याला रेट नसतोय. गिऱ्हाईक असतंय, अष्टे." (म्हणजे एवढंच.)

गिऱ्हाईकही त्यांनीच गाठून दिलं. बंगळूरचा कुणी हौशी माणूस, व्हिडिओ कॉलवर. तो एक लाख ऐंशी हजार म्हणाला आणि मी खुर्ची शोधली. मग त्याने डोकं जवळून दाखवायला सांगितलं. तिथे लाल डाग. दादा, आमचं घर पडलं जुन्या शिपायांचं. खंडेनवमीला पणजोबांची तलवार पुजतात, तिच्या शेजारी मिक्सर, गगनचा पान्यांचा संच आणि ही गिटार. दर वर्षी सासूबाई हिच्या कपाळाला तेलात कालवलेलं कुंकू लावतात, ते आता लाकडात मुरलंय. डाग असेल तर चाळीस हजार कमी, असं तो म्हणाला. मी मनात त्या कुंकवाला हात जोडले. पण सासूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "कुंकवाचे पैसे कापतोस? सुम्ने बस." (म्हणजे गप्प बस.) आणि कॉल बंद केला. घरी येताना रिक्षात त्यांनी निकाल दिला: डाग आपण पाडले, ते निशांतच्या माथी कशाला? चाळीस हजार परत वर चढले.

ह्या धावपळीत तुझे आभार मानायला निमित्त मिळालं. घर झालं त्याच वर्षी बाबा गेले. नव्या भिंती, अनोळखी कानडी, आणि मला कुणाशी बोलवत नव्हतं. तू गिटारीची ती काळी पेटी माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालास, "वाजवू नकोस. नुसती मांडीवर घेऊन बस." मी तेवढंच केलं. मांडीवर वजन असलं की बाई उगाच उठून खोल्या पुसत फिरत नाही. ही गिटार विजेला न जोडता छेडली तर इतकी हळू वाजते, की वाजवणारीलाच ऐकू येते. मला तेव्हा तेवढाच आवाज सोसत होता. पुढे एका दुपारी सासूबाई शेंगा सोलत जवळ येऊन बसल्या आणि लाकडाला कान लावून विचारलं, हिला काय झालंय, बोलत का नाही? आमचं दोघींचं बोलणं तिथून सुरू झालं. तू काय दिलंस ते त्या बंगळूरकराला कसं सांगायचं?

आम्ही तिघं लग्नाला येतोच आहोत. वहिनीला नमस्कार, ताराच्या गालावरून हात फिरव.

तुझी
चैतू

ता. क. सोमवारी सोनाराकडे जायचंय. त्याआधी सासूबाईंना फोन कर आणि आहेर म्हणून तूच काहीतरी माग. समोरच्याने तोंडाने मागितलं तर तेच तोलाचं, असा त्यांचा नियम आहे. फक्त फार स्वस्त मागू नकोस, त्यांना संशय येईल.

ता. क. (वेगळ्या अक्षरात) निशांतास गोदावरीबाईचे आशीर्वाद. पत्र पेटीत टाकायला मजकडे दिले, म्हणून वाचले. पाटली मोडणार कोण? एक तशीच ताराच्या हातात घालणार. दुसरी आमच्या चैत्रालीला ठेवली आहे, तिला ठाऊक नाही. तुझ्या गिटारीपायी ती पण द्यावी लागते काय, तेवढेच बघत होते. एक पुरते म्हणत असलास तर फोन कर. पुरत नसली तर करू नको.